एक नंबरची जोड आणि एक तक्रार

बेळगाव तालुक्यातील एका गावाच्या देवस्की पंच कमिटीचे, म्हणजे गावची यात्रा आणि तिथले कुस्तीचे मैदान भरवणाऱ्या पंचमंडळींचे, चिटणीस लिहितात :

“यंदाच्या यात्रेत एक नंबरच्या, म्हणजे सर्वांत मानाच्या कुस्तीच्या जोडीसाठी आमच्याच गावचा पैलवान ठरला आहे. तो माझा सख्खा पुतण्या. दहावीनंतर कोल्हापूरच्या तालमीत राहिला, आता दोन्ही राज्यांतली मैदाने मारतो आणि त्यावरच त्याचे घर चालते. दोन महिन्यांपूर्वी त्याने बायकोला मारहाण केली आणि सोडवायला आलेल्या मेहुण्याचा हात मोडला. सूनबाई लेकराला घेऊन माहेरी गेली आहे. पोलिसांत गुन्हा नोंद आहे, पोरगा जामिनावर आहे. कमिटीतले निम्मे म्हणतात, कुस्ती वेगळी आणि घर वेगळे, जे काय ते कोर्ट बघेल. निम्मे म्हणतात, त्याला उतरवले तर गावाला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. इनाम दीड लाखाचे आहे आणि पत्रके छापायची थांबली आहेत. काय करावे?”

चिटणीस साहेबांना सविनय नमस्कार.

पैलवान तुमचा सख्खा पुतण्या आहे, हे तुम्ही लपवले नाही. म्हणून मीही आडवळणाने न जाता उत्तर देतो. यंदाच्या मैदानात त्याची कुस्ती लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हा निर्णय कोणी, कोणत्या शब्दांत आणि किती मुदतीसाठी घ्यायचा, यावर तो न्याय ठरेल की निव्वळ राग, हे अवलंबून आहे, आणि माझ्या उत्तराचा मोठा भाग त्याच्याविषयीच आहे.

“कुस्ती वेगळी आणि घर वेगळे” म्हणणाऱ्यांना मी मूर्ख समजत नाही. त्यांच्या म्हणण्यात एक खरी भीती आहे. एखाद्या सुताराने घरात भांडण केले म्हणून गाव त्याला रंधा हातात धरू नको असे सांगत नाही, मग ज्याचे पोट मैदानावर आहे त्यालाच दोनदा शिक्षा का, असे ते विचारतात. या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. सरकारी नोकराला आपल्याकडे असा नियम आहेच : तो ४८ तासांपेक्षा जास्त कोठडीत राहिला तर निलंबित झाला असे मानले जाते, त्या काळात त्याला निर्वाह भत्ता मिळतो, आणि दोष सिद्ध होण्याच्या आधीच हे घडते, कारण निलंबन ही शिक्षा नसून तोवर त्याला पदापासून दूर ठेवण्याची तजवीज असते. पण माझे उत्तर या नियमावर उभे नाही. सुतार आणि तुमचा पुतण्या यांच्यातला फरक कामाचा नाही, मानाचा आहे. सुताराने केलेल्या दाराला कोणी फेटा बांधत नाही. एक नंबरच्या जोडीचा पैलवान हलगीच्या कडकडाटात आखाड्यात येतो, त्याचे नाव पत्रकावर सगळ्यात वर आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात छापले जाते, आया आपल्या पोरांना उचलून तो दाखवतात, आणि कुस्ती निकाली झाली की अख्खे गाव त्याच्या अंगावर गुलाल टाकते. हा मान त्याने कमावलेला असला तरी तो देणारे गाव आहे, आणि देणाऱ्याला हात आखडता घेण्याचा अधिकार आहे. तालमीतला त्याचा जोर, त्याची खुराक, दुसऱ्या गावांची मैदाने, उद्या मिळेल ती नोकरी, यांतले काहीही तुमच्या हातात नाही आणि ते हिरावून घेण्याचा विचारही कोणी करू नये. तुमच्या हातात फक्त यंदाच्या पत्रकावरची पहिली ओळ आहे.

आपल्या भागात चांगल्या पैलवानाला “लंगोटाचा सच्चा” म्हणतात. लहानपणी बेळगावच्या आनंदवाडीच्या आखाड्यात वडिलांच्या खांद्यावर बसून मी हे शब्द पहिल्यांदा ऐकले, तेव्हापासून मला ते कुस्तीतले सर्वांत सुंदर शब्द वाटत आले आहेत. पण आपण त्यांचा अर्थ फार आखूड करून ठेवला आहे. ब्रह्मचर्य पाळले, व्यसन केले नाही, की लंगोट सच्चा झाला असे आपण मानतो. ज्या अंगात पाच माणसांचे बळ आहे ते अंग दुबळ्यावर चालून जाणार नाही, हा त्या शब्दांचा मूळ गाभा आहे असे मला वाटते, कारण त्यावाचून तालमीत बळ कमावण्याची परवानगी समाजाने कोणाला दिलीच नसती. सामान्य माणसाचा हात आणि पैलवानाचा हात सारखा नसतो. ज्या पकडीने तो शंभर किलोच्या गड्याला घिस्सा डाव मारतो, त्याच पकडीने त्याने तुमच्या सुनेच्या भावाचा हात मोडला असेल, तर “मैदानाबाहेरचे मैदानाबाहेर” हे वाक्य इथे टिकत नाही. जे त्याने घरात वापरले ते मैदानाने आणि गावाच्या इनामांनीच त्याला दिलेले होते.

आणखी एक गोष्ट तुमच्या पंचांसमोर ठेवा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या लढतीत निकालावरून वाद झाला, एका पैलवानाने पंचाला लाथ मारली, आणि संघटनेने त्याच्यासह दोन मल्लांवर तीन वर्षांच्या बंदीची घोषणा लगेच केली. ते योग्यच होते. पण जे आपण पंचाच्या अंगावर पडलेल्या लाथेबद्दल एका दिवसात करू शकतो, ते बायकोच्या अंगावर पडलेल्या लाथेबद्दल करायची वेळ आली की “घरचा मामला” हे शब्द आपल्या तोंडी का येतात? पंचाला लागले तेव्हा खेळाचा अपमान झाला आणि तिला लागले तेव्हा कोणाचाच झाला नाही, असे तर आपल्याला म्हणायचे नाही ना?

आता कोर्टाची वाट पाहण्याविषयी. मी आयुष्यभर मुलांना कायदा मानायला शिकवले, त्यामुळे कोर्टाच्या आधी कोणाला दोषी म्हणू नये हे मी मनापासून मानतो. पण वाट पाहणे म्हणजे काय, हेही नीट समजून घेतले पाहिजे. बीजिंगमध्ये कांस्य आणि लंडनमध्ये रौप्य आणणाऱ्या सुशील कुमारचे प्रकरण कुस्तीच्या दुनियेला कायमचा चटका लावून गेले आहे. ४ मे २०२१ च्या रात्री दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियमवर झालेल्या मारहाणीत सागर धनखड हा तरुण मल्ल मरण पावला, त्याच महिन्यात सुशीलला अटक झाली, उत्तर रेल्वेने त्याला नोकरीतून निलंबित केले, ऑक्टोबर २०२२ मध्ये खुनाचा आरोप निश्चित झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे घटनेला चार वर्षे उलटून गेल्यावर, सर्वोच्च न्यायालयात प्रश्न होता तो जामिनाचा, जो न्यायालयाने रद्द केला. पैलवानाची ऐन उमेद दहा-बारा वर्षांची असते. “कोर्ट सांगेल तेव्हा बघू” याचा अर्थ व्यवहारात “कधीच बघायचे नाही” असाच होतो.

कायद्यालाही कोर्टाची शिक्षा आणि संस्थेची शिस्त या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य आहे. क्रिकेटपटू श्रीसंतचे प्रकरण मैदानावरच्या स्पॉट फिक्सिंगचे होते, पण त्यातला धडा इथेही लागू पडतो. दिल्लीच्या न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला फौजदारी खटल्यातून मुक्त केले, तरीही मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की त्यामुळे क्रिकेट मंडळाची शिस्तीची कारवाई आपोआप पुसली जात नाही. त्याच निकालात न्यायालयाने आजन्म बंदी मात्र रद्द केली आणि शिक्षेचे माप पुन्हा ठरवायला लावले, आणि ती बंदी पुढे सात वर्षांवर आली. संस्थेला शिस्त लावण्याचा अधिकार आहे, पण त्या अधिकाराला माप आहे. तुमच्या कमिटीत जे कोणी “त्याला कायमचा बंद करा” म्हणत असतील, त्यांना हा दुसरा भागही तेवढ्याच ठामपणे सांगा.

इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याचे उदाहरण मला याहून जवळचे वाटते. सप्टेंबर २०१७ मध्ये ब्रिस्टलमध्ये एका नाइट क्लबबाहेर मारामारी झाली, तो त्या हिवाळ्यातल्या ॲशेस मालिकेला मुकला, ऑगस्ट २०१८ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडले, आणि तरीही डिसेंबरमध्ये क्रिकेटच्या शिस्त आयोगाने खेळाची बदनामी केल्याबद्दल त्याला ३०,००० पौंड दंड आणि आठ सामन्यांची बंदी ठोठावली. त्याने आधी गमावलेले सामने त्या बंदीत धरले गेले. कोर्टाने आपले काम केले, खेळाने आपले, दोघांनी एकमेकांच्या ताटात हात घातला नाही, आणि पुढच्याच वर्षी तोच माणूस विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचा मानकरी ठरला. परत येण्याची वाट उघडी होती, म्हणून ती बंदी मला न्याय्य वाटते.

उलट उदाहरणही आहे, आणि मोबाइलच्या दिवसांत ते विसरू नये. अमेरिकन फुटबॉलपटू रे राइस याने २०१४ मध्ये आपल्या होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध पाडले. लीगने आधी त्याला अवघ्या दोन सामन्यांसाठी दूर ठेवले. लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर येताच लोकक्षोभ उसळला आणि तीच शिक्षा बेमुदत केली गेली. शेवटी लवादाने ती रद्द केली, कारण एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा झाली होती. आधीची शिक्षा लाजिरवाणी होती आणि नंतरची घाबरून केलेली. आपल्याकडे हार्दिक पांड्या आणि आपल्याच कर्नाटकाचा के. एल. राहुल यांना जानेवारी २०१९ मध्ये टीव्हीवरील स्त्रियांविषयीच्या शेरेबाजीसाठी ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यातून परत बोलावले गेले आणि पुढे प्रत्येकी २० लाखांचा दंड झाला. मला त्याविषयी तक्रार नाही, पण शब्द कॅमेऱ्यासमोर बोलले गेले म्हणून ती तत्परता दिसली, हे उघड आहे. तुमच्या सुनेला झालेल्या मारहाणीचा व्हिडिओ नाही. म्हणूनच तुमच्या गावाने जे ठरवायचे ते गाजावाजा न होता, सारे ऐकून घेऊन, एकदाच ठरवले पाहिजे.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे पत्र लांबवले आहे, तो सांगतो. बंदी घालताना ती पोलीस केसच्या निकालाशी किंवा केस मागे घेण्याशी कदापि जोडू नका. तुमच्या पंचांपैकी कोणीतरी, अगदी चांगल्या हेतूने, म्हणेल की “केस मिटली की लावू त्याची कुस्ती.” हे वाक्य ठरावात गेले, किंवा नुसते पारावर बोलले गेले, तरी त्या क्षणापासून गावाचा सारा भार त्या मुलीच्या अंगावर येईल. सासू जाईल, नणंद जाईल, वस्ताद निरोप धाडतील, पाहुणे मध्यस्थी करतील, आणि प्रत्येकजण तिला हेच सांगेल की पोराचे करिअर आता तुझ्या एका सहीवर आहे. ज्याने मारले त्याचा मान जाण्याचे खापर जिने मार खाल्ला तिच्या माथी फुटेल.

हे मी ऐकीव सांगत नाही. तीस वर्षांपूर्वी मी एका कॉलेजात क्रीडा शिक्षक होतो. आमच्या कबड्डी संघाच्या सर्वांत चांगल्या चढाईपटूने मेसमधल्या वाढप्या मुलाच्या कानशिलात अशी लगावली की त्याला त्या कानाने ऐकू येईना. आंतरविद्यापीठ स्पर्धा पंधरा दिवसांवर होती. वरून मला कोणी आदेश दिला नव्हता. मी स्वतः त्या वाढप्या मुलाला खोलीत बोलावले, चहा पाजला, आणि संघाचे, कॉलेजचे, त्या खेळाडूच्या गरीब आईबापाचे सारे सांगून त्याच्याकडून तक्रार मागे घेतल्याचा कागद लिहून घेतला. तो एक शब्दही बोलला नाही. पुढच्या सत्रात तो मेसमध्ये नव्हता, आणि तो कुठे गेला हे मी विचारलेही नाही. त्या चहाच्या कपाची मला आजही लाज वाटते.

म्हणून ठरावात मुदत घाला आणि ती केसपासून वेगळी ठेवा. यंदाची आणि पुढच्या वर्षीची अशा दोन यात्रा मला योग्य वाटतात. त्यानंतर त्याचा मार्ग मोकळा असेल, मग केस चालू असो वा निकाली. कोर्टाने दोषी ठरवले तर कमिटी पुन्हा विचार करील, एवढे एक वाक्य मात्र आधीच लिहून ठेवा, म्हणजे दुसऱ्यांदा शिक्षा केल्याचा आरोप येणार नाही. ठराव करण्यापूर्वी पैलवानाला बोलावून त्याचे म्हणणे शांतपणे ऐका आणि लिहून घ्या. तो काय सांगेल याचा अंदाज असला तरी ऐका. ठरावात “गुन्हेगार” हा शब्द येता कामा नये. “गंभीर तक्रार नोंद असल्याने कमिटी यंदा आणि पुढच्या वर्षी मानाची कुस्ती देत नाही” इतकेच लिहावे, कारण तितकेच तुम्हाला ठाऊक आहे.

आणि नियम एका पोरासाठी करू नका. बाहेरगावच्या पैलवानालाही तो लागू हवा, मानधन घेऊन येणाऱ्या नामवंतालाही, आणि मैदानाच्या पूजनाला नारळ वाढवणाऱ्या पाहुण्यालाही. २०२३ मध्ये देशाच्या नामांकित महिला मल्लांना जंतरमंतरवर बसावे लागले, तेव्हा तक्रार कोणा पैलवानाविरुद्ध नव्हती, कुस्ती महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांच्याविरुद्ध होती, आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावरच दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदवला. शिस्त खालच्यांना आणि सवलत वरच्यांना, असे दिसले की तालमीतली पोरे शिस्तीवरच विश्वास ठेवत नाहीत.

तुमच्या गावाला लागून असलेली एक अडचण मला दिसते. तुम्ही नाही म्हटले की पुढच्याच आठवड्यात तो सीमेपलीकडे महाराष्ट्रात, चंदगड नाही तर गडहिंग्लजच्या बाजूला लढेल, आणि कमिटीतले काहीजण म्हणतील की आपण मूर्ख ठरलो. सीमेवरच्या पैलवानाला दोन राज्यांची माती असते, दोन्हीकडच्या संघटना वेगळ्या, आणि गावयात्रेची मैदाने तर बहुतेक वेळा कोणत्याच संघटनेला विचारून भरत नाहीत. लढू द्या त्याला. तुम्ही दुसऱ्या गावांना फोन करून त्याची मैदाने तोडू लागलात, तर ते गावाचे मत न राहता वैर होईल, आणि तिथे त्याच्या पोटाचा प्रश्न खरोखर उभा राहील.

दीड लाखाच्या इनामाविषयी कमिटीत एक युक्ती निघण्याची शक्यता आहे : कुस्ती लावू आणि इनामातला निम्मा वाटा सुनेला देऊ. ऐकायला हे दयाळू वाटते, पण तिची पोटगी ही त्याच्या कुस्तीवर मिळणारी बक्षिसी नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याखाली ती दंडाधिकाऱ्यांकडे खर्च मागू शकते, संरक्षणाचा आदेश मागू शकते, आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्कही सांगू शकते. वकिलाची फी हा प्रश्न नाही, कारण स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी बेळगावात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. तिने नोंदवलेल्या तक्रारीची नक्कल तिला फुकट मिळायला हवी. आपल्याकडे ती कन्नडमध्ये असते, तेव्हा ती तिला वाचता येत नसेल तर कन्नड नीट जाणणाऱ्या एखाद्या शिक्षिकेकडून शब्दन् शब्द वाचून घ्यायला सांगा. तिने जे सांगितले तेच कागदावर आले आहे, याची खात्री तिला असली पाहिजे. तातडीने मदत लागली तर महिला मदतीचा १८१ आणि आणीबाणीचा ११२ हे क्रमांक तिच्या घरी लिहून ठेवलेले असावेत.

राहिले तुमचे स्वतःचे. ठरावाच्या बैठकीत तुम्ही बसू नका. चिटणीस म्हणून इतिवृत्त दुसऱ्या कोणाला लिहू द्या आणि तसे आधी कळवा, म्हणजे निर्णय पुतण्याच्या बाजूने लागला तरी आणि विरुद्ध लागला तरी तुमच्या भावाला आणि तिच्या वडिलांना तुमच्याशी बोलता येईल. पुतण्याशी मात्र तुम्हीच बोला. तो लहान असताना त्याच्या अंगाला तालमीची माती तुम्हीच लावली असेल, आणि काकाने समोर बसवून विचारलेला प्रश्न तो वकिलासारखा टाळू शकणार नाही. त्याला एवढेच विचारा की त्या रात्री काय झाले, आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका.

पत्रके छापायला जाण्याआधी आणखी एक काम आहे. गावातल्या दोन वडीलधाऱ्या, समजूतदार स्त्रियांना तिच्या माहेरी पाठवा. तुमच्या घरातली कोणीही सोबत नको. त्यांनी तिला निर्णय विचारू नये, कारण निर्णयाचे ओझे तिच्यावर टाकायचे नाही. ती कुठे राहते, लेकराचे दूध आणि औषध कसे चालले आहे, यात्रेच्या दिवसांत तो पाहुण्यांना घेऊन तिच्या दारात येईल अशी भीती तिला वाटते का, आणि गावाने काय केले तर तिला रात्री झोप लागेल, एवढेच त्यांनी विचारावे. ती जे सांगेल ते बैठकीच्या आधी पंचांपर्यंत पोहोचू द्या.

आपला स्नेहांकित